भावोजींची बरोबर फिरणारी थाळी

आमचे भावोजी कधीच चुकत नाहीत. हा त्यांचा गुण नव्हे, आजार आहे, आणि तो त्यांना आहे हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे. सदतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट थांबली की आतली फरशी आणि बाहेरची फरशी यांत किती फरक राहतो, त्यावरून ते त्या इमारतीतल्या माणसांची लायकी ठरवत. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक नाणं कडेवर उभं करणार. नाणं पडलं की जेवण संपेपर्यंत तोंड वाकडं. माझ्या बहिणीने या माणसाशी बत्तीस वर्षं संसार केला याबद्दल तिला एखादं पदक द्यायला हवं, पण ते सरळ लटकलंय की नाही हे बघायला भावोजी ओळंबा घेऊन येतील, म्हणून कुणी देत नाही.

मी त्यांचा मेहुणा. शाळेत भूगोल शिकवतो. त्या घरात माझं काम एकच, दुसरं टोक धरणं. पट्टी असो, दोरी असो, कपाट असो, पहिलं टोक भावोजींच्या हातात आणि दुसरं माझ्या. सरकलं तर दोष दुसऱ्या टोकाचा.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी घराला रंग काढला. रंगाऱ्याला जागा हवी म्हणून भंगारवाल्याला बोलावलं आणि दोन पंखे, एक गीझर आणि बाहेरच्या खोलीतला जुना रेकॉर्ड प्लेअर देऊन टाकला. प्लेअर त्यांच्या वडिलांचा. दोन वर्षं बंदच होता, पण बाबा दर रविवारी फडक्याने तो पुसत. बाबांचं वय चौऱ्याऐंशी. दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर होते, त्यामुळे पुसलेली वस्तू म्हणजे जिवंत वस्तू असा त्यांचा हिशेब. रविवारी फडकं घेऊन ते बाहेर आले तर कोपरा रिकामा.

“सूनबाई, इथलं यंत्र कुठं गेलं?” त्यांनी ताईला विचारलं.

ताई काही बोलायच्या आत भावोजींनी उत्तर दिलं, “बाबा, ते भंगार होतं. मोटर जळालेली, सुई झिजलेली.”

आता हे खरंच होतं. मोटर जळालेली होती, सुई झिजलेली होती. भावोजी बरोबर असतात तेव्हाच त्यांचा जास्त राग येतो. बाबांनी लेकाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. “सूनबाई, त्याला सांग, मी तुला विचारलं होतं,” म्हणाले आणि खोलीत गेले.

त्या दिवसापासून बाबांनी भावोजींशी बोलणं टाकलं. आदळआपट नाही, जेवणावर राग नाही. फक्त एक शब्द थेट नाही. चार माणसांच्या टेबलाशी बापलेक समोरासमोर बसत आणि बाबा म्हणत, “सूनबाई, त्याला सांग, पेपर वाचून झाला असेल तर इकडे दे.” भावोजी हे ऐकत. आपण ऐकलं हे बाबांनी पाहिलंय, हेही त्यांना दिसे. तरी ताईने “अहो, बाबा म्हणताहेत, पेपर द्या,” असं म्हटल्याशिवाय पेपर हलत नसे. उत्तरही त्याच वाटेने परत. माझी बहीण एम.ए. झालेली बाई, तिचं टपाल खातं झालं होतं.

हसण्यावारी न्यावं असं मलाही वाटलं. पण एकदा ताई भांडी आवरताना म्हणाली, “सासूबाई गेल्यापासून बाबा एकच गाणं ऐकायचे रे. पाच वाजता चहा घेऊन, रोज. त्या स्वयंपाकघरातून ते गाणं म्हणायच्या ना, प्लेअरबरोबर. डावा कान तर त्यांचा गेलाच आहे, उजवा निम्मा राहिलाय. डॉक्टर म्हणाले, तोही फार दिवसांचा सोबती नाही.” मग नळ बंद करून म्हणाली, “एकदा तरी ऐकू दे त्यांना. आणि माझी या निरोप्याच्या नोकरीतून सुटका होऊ दे.”

“बाबा, चुकलं माझं,” एवढे तीन शब्द पुरले असते. भावोजींना ते जड गेले. त्याऐवजी त्यांनी घरी रेकॉर्ड प्लेअर बनवायला घेतला.

“बाजारात मिळतात की नवे,” मी म्हणालो. लिफ्ट सोडून जिन्याने चला म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मिळतात,” ते म्हणाले, “प्लास्टिकचे.” विषय संपला.

रेकॉर्ड प्लेअर म्हणजे नेमकं काय, हे मला त्यानंतरच्या अकरा महिन्यांत इतक्या वेळा सांगण्यात आलं, की आता वर्गात पृथ्वीचं परिवलन शिकवताना माझ्या तोंडून थाळी असा शब्द जातो. एक जड थाळी, तिच्याखाली दांडा, दांड्याच्या टोकाला पोलादी गोळी. बाजूला मोटर, मोटरवर छोटी पुली, पुलीवरून थाळीला रबरी पट्टा. वर एक हात आणि हाताला सुई. थाळी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे फिरली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. “सगळा खेळ वेगाचा आहे,” भावोजी म्हणत, आणि यात त्यांच्या नोकरीचा गर्व असे. कारण लिफ्टच्या माथ्यावर गव्हर्नर नावाचं एक चाक असतं. लिफ्ट ठरल्या वेगापेक्षा जास्त धावली की ते तिला जागच्या जागी पकडतं. भावोजींनी सदतीस वर्षं जास्त धावणाऱ्या गोष्टी पकडल्या होत्या.

म्हणून पहिली थाळी त्यांनी अशाच एका निकामी गव्हर्नरच्या चाकाची केली. बिडाचं, अकरा किलोचं. टर्नरकडून ते इतकं गुळगुळीत करून घेतलं की त्यात पाहून दाढी करता आली असती. मी दुसरं टोक धरून ते तीन जिने चढवलं, कारण लिफ्ट त्या दिवशी नेमकी बंद होती आणि स्वतःच्या इमारतीतल्या लिफ्टला हात लावायचा नाही असा भावोजींचा नियम होता. थाळी बसली, फिरली. त्यांनी सुई वर धरली आणि सुईने थाळीवर झेपच घेतली. सुईच्या डबीत लोहचुंबक असतं. हे भावोजींना माहीत होतं. थाळी लोखंडाची आहे हेही माहीत होतं. फक्त या दोन माहित्यांची गाठ घालून द्यायचं राहून गेलं होतं.

“म्हणजे चुकलं,” मी म्हणालो. मला इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता.

“चाचणी होती,” भावोजी म्हणाले.

दुसरी थाळी अॅल्युमिनियमची. टर्नरचं दुकान पत्र्याच्या शेडमध्ये, लेथच्या पायाशी धातूच्या कुरळ्या चिप्स पडलेल्या, भिंतीवर तेलाचे हात. भावोजी तिथे दर दोन दिवसांनी सूक्ष्ममापक घेऊन जात. टर्नर भला माणूस, पण एकदा त्यानेही हात टेकले. “साहेब, हे गाणं वाजवायला आहे की अवकाशात सोडायला?” भावोजींनी त्याला समजावून सांगितलं, त्यात त्याचा अर्धा दिवस गेला.

खालचा पाया ग्रॅनाइटचा. शेजारच्या इमारतीत कुणीतरी ओट्यात सिंक बसवलं होतं, त्याचा कापलेला तुकडा. त्याखाली अर्धे कापलेले तीन रबरी चेंडू, हादरे शोषायला. हात केला रेडिओच्या एरियलच्या नळीचा. त्याच्या मागच्या टोकाला पितळेचं वजन लावताना मात्र भावोजी खुलले. “अरे, लिफ्टच आहे ही,” ते म्हणाले. “एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला वजन. इथे माणसांच्या जागी सुई.” त्यांना इतकं खूश मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दांडा आणि बेअरिंग इतकं जुळलेलं, की तेल घालून दांडा वरून सोडला तर खाली बसायला पावणेदोन मिनिटं लागत. आम्ही ते तीनदा पाहिलं. मी पाहिलं म्हणजे घड्याळ धरलं.

या सगळ्यात ताईचा ओटा गेला, कणीक मळायच्या परातीत नटबोल्ट आले आणि मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही. पण ताई बाबांच्या दाराकडे बघायची. कारण दार हळूहळू उघडं राहायला लागलं होतं.

सुईचा भार दोन ग्रॅम ठेवायचा होता. घरातला काटा पाचाच्या खाली बोलत नसे. बाबांकडे औषधं तोलायचा जुना तराजू होता, लाकडी पेटीतला, हिरव्या मखमलीवर. बाबा चार फुटांवर खुर्चीत बसलेले.

“अगं, बाबांना विचार, तराजू मिळेल का,” भावोजी म्हणाले.

“बाबा, हे विचारताहेत, तराजू मिळेल का.”

“त्याला सांग, पेटी परत जागेवर ठेवायची.” थोड्या वेळाने, “आणि सांग, वजनं चिमट्याने उचलतात. बोटांनी नव्हे. बोटाचा घाम लागतो.”

ताईने अक्षरन् अक्षर पोचवलं. भावोजींनी चिमटा घेतला. बाबा सगळा वेळ पेपर वाचत होते, फक्त पान उलटत नव्हते.

शेवटी वेगाची परीक्षा. त्यासाठी कागदाची चकती लागते, तिच्यावर काठाला एकशे ऐंशी रेघा. बरोबर दोन दोन अंशांवर. ती फिरत्या थाळीवर ठेवून सेकंदाला शंभरदा लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली पाहिली, की वेग बरोबर असेल तर रेघा उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. जास्त असेल तर पुढे सरकतात, कमी असेल तर मागे. भावोजींनी थाळी सुरू केली. रेघा अशा थांबल्या की जणू थाळी बंद आहे. मी खाली वाकून तोंड वासून बघत राहिलो. माझ्या पाठीवर हात ठेवून भावोजी म्हणाले, “बघ.” एवढंच. मला त्यांचा अभिमान वाटला, हे इथे लिहून टाकतो, पुन्हा सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला बाबांचा चहा बाहेरच्या खोलीत दिला. त्यांच्याच कपाटातली त्या गाण्याची तबकडी ताईने काढून आणली होती. बाबा खुर्चीत बसले, उजवा कान स्पीकरकडे केला. भावोजींनी सुई टेकवली. एक खरखर नाही, एक घरघर नाही. गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

पण काहीतरी चुकत होतं. काय, ते मला कळेना. ताईनेही माझ्याकडे पाहिलं. गाणं तेच, शब्द तेच, आणि तरी ओळखीच्या घरात शिरून दिव्याचं बटण हाताला न लागावं तसं वाटत होतं. बाबांनी पहिलं कडवं संपेपर्यंत धीर धरला. मग कप खाली ठेवला.

“सूनबाई, त्याला सांग, हे ते गाणं नव्हे. ही बाई आजारी आहे.”

आणि खोलीत गेले. या वेळी दार लावून घेतलं.

पुढचे तीन आठवडे त्या घरात जाण्यात अर्थ नव्हता. भावोजींनी थाळी उतरवली, चढवली. दांडा काढून पुसला. सुई नवी आणली. मोटर ऐकण्यासाठी डॉक्टरसारखी नळी कानाला लावली. रोज कागदाची चकती ठेवत आणि रोज रेघा मख्ख उभ्या. “वेग बरोबर आहे,” ते भिंतीला सांगत. जेवण कमी झालं. एवढा बरोबर माणूस इतका खचलेला मी पाहिला नव्हता. कारण यंत्रात चूक असती तर त्यांनी ती शोधली असती. इथे चूकच नव्हती आणि बाप उठून गेला होता.

शेवटी एका दुपारी ते ताईला म्हणाले, “बाबांना विचार, जुन्या यंत्राला त्यांनी कधी काही केलं होतं का.”

दार किलकिलं झालं. “त्याला सांग, काहीही बिघाड नव्हता त्याच्यात. एकदा पट्टा घसरायला लागला. मोटरच्या पुलीला चिकटपट्टी गुंडाळली मी. दवाखान्यातली, कापडी. एक वेढा. तीस वर्षं पट्टा हलला नाही.” यात अभिमान होता, आणि तो पोचवायला ताईची गरज नव्हती.

भावोजी जागच्या जागी थांबले. मग पेन्सिल काढून पेपरच्या कडेला आकडे मांडायला लागले. पुली दहा मिलिमीटरची. चिकटपट्टीचा थर पाव, दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा. दहाची पुली साडेदहाची झाली. पुली मोठी झाली की थाळी जोरात फिरते. शेकड्याला पाच.

“तीस वर्षं,” ते हळू आवाजात म्हणाले, “या घरात सगळी गाणी पळत होती.”

मला एकदम उलगडा झाला. जुन्या यंत्रावर ती बाई तीस वर्षं अर्धा सूर वर चढून घाईघाईने गात होती. ताई तसंच गुणगुणायची, मी तसंच शिकलो होतो, आणि ताईच्या सासूबाई स्वयंपाकघरातून तसंच गायच्या. “म्हणूनच,” ताई कपाळाला हात लावून म्हणाली, “हे गाणं रेडिओवर लागलं की बाबा म्हणायचे, आज रेडिओवाले झोपलेत.”

भावोजींच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. ते उठले, कागदाची चकती घेतली, ट्यूबलाइटची वायर गुंडाळायला लागले. “चल,” मला म्हणाले, “ट्यूबलाइटचं दुसरं टोक धर. बाबांच्या खोलीत लावू. एकदा डोळ्यांनी बघू देत त्यांना रेघा. मग कळेल आजारी कोण होतं.”

ताई दारात आडवी उभी राहिली. ती सहसा आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. “तुम्हाला त्यांना गाणं ऐकवायचंय की त्यांच्यावर खटला चालवायचाय?”

“पण ते चूक आहे,” भावोजी म्हणाले.

“हो ना. सासूबाई त्याच चुकीत गायच्या. आता ती दुसरीकडे कुठे मिळणार?”

मी ट्यूबलाइट धरून उभा होतो, कारण मला कुणी खाली ठेव म्हटलं नव्हतं. बाहेर कुणीतरी लिफ्टचा दरवाजा सरकवला. मग भावोजींनी चकती टेबलावर उलटी ठेवली, थाळीवर पट्टा चढवून बघितला, ओढून बघितला. पट्टा वीणेच्या तारेसारखा ताणलेला होता. तो घसरणार असेल तर मी आजपासून भूगोल सोडतो.

“अगं,” त्यांनी घसा खाकरला. “बाबांना सांग, पट्टा घसरतोय.”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सदतीस वर्षं लोकांचे जीव दोरावर तोलणारा, मिलिमीटरच्या खाली बोलणारा हा माणूस खोटं बोलत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

“बाबा,” ताई दाराशी जाऊन म्हणाली, “हे म्हणताहेत, पट्टा घसरतोय.”

आत खुर्ची सरकली. कपाटाचं दार वाजलं. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चिकटपट्टीचं रीळ, लहान कात्री आणि स्पिरिटचा बोळा होता. त्यांनी पट्टा उतरवला, पुली बोळ्याने पुसली, इंजेक्शनआधी दंड पुसतात तशी. ही पुली भावोजींनी टर्नरकडून सहा वेळा परत करून घेतली होती. पितळेची, आरशासारखी. बाबांनी तिच्यावर कापडी चिकटपट्टी ठेवली, एक वेढा दिला, कापली आणि अंगठ्याच्या नखाने कड दाबून बसवली. त्यांचे हात एरवी कापतात. तेव्हा कापले नाहीत. भावोजींनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले होते आणि त्यांची बोटं पांढरी झाली होती.

“सूनबाई, त्याला सांग,” बाबा कात्री खिशात घालत म्हणाले, “नव्या वस्तूच्या अशा खोडी असतातच. त्यात बनवणाऱ्याचा दोष नसतो.”

“अहो, बाबा म्हणताहेत, तुमचा दोष नाही,” ताईने निरोप आटोपशीर केला.

पाच वाजायला अवकाश होता, पण ताईने चहा टाकला. बाबा खुर्चीत बसले, उजवा कान पुढे. भावोजींनी सुई टेकवली. आणि गाणं पळालं. ओळखीच्या चालीने, जरासं धापा टाकत, आमच्या घरचं. ताईचा हात तोंडावर गेला. बाबांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि ते स्पीकरकडे नव्हे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. मला रडू आलं, त्यासाठी मी खिडकीतून खाली काहीतरी महत्त्वाचं बघितलं. भावोजी यंत्राकडे पाठ करून उभे होते. तो वेग त्यांना डोळ्यांनी बघवत नव्हता.

ते गाणं संपलं, पुढची चार संपली, बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहिली. कुणी उठेना. मग बाबांनी कप खाली ठेवला आणि मान वळवून लेकाकडे पाहिलं.

“अरे,” ते म्हणाले, “दुसरी बाजू लाव की.”

“अहो, बाबा म्हणताहेत, दुसरी बाजू लावा,” ताई सवयीने बोलून गेली.

“ऐकलं मी,” भावोजी म्हणाले, आणि काही केल्या त्यांना ती तबकडी उचलता येईना.